आधी आडोसा

भावाने कागद माझ्यापुढे पसरला तेव्हा मी उभीच होते. बसून शांतपणे ऐकणं मला जमत नाही. कोणी बोलायला लागलं की माझे पाय चालू होतात, ओट्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून ओट्यापर्यंत. कागदावर त्याने आमच्या टेकडीवरच्या जागेत करायच्या कॅम्पचा आराखडा काढला होता. तीन तंबू, मधोमध शेकोटी, एका टोकाला गाड्या लावायला सपाट तुकडा, दोन झाडांच्या मध्ये झोळी, आणि खाडीच्या दिशेला एक जाडजूड बाण. बाणाखाली लिहिलं होतं, ‘फोटो पॉइंट’.

“आणि संडास?” मी विचारलं.

“करू ना ताई. त्याचं काय टेन्शन? शेवटी टाकू एका कोपऱ्यात.”

“शेवटी का?”

“अगं, लोक काय संडास बघायला येणारेत का?”

त्याचंही खरं होतं. वाशी-नेरुळच्या सोसायट्यांतली माणसं शनिवारी संध्याकाळी येणार, शेकोटीभोवती बसणार, रविवारी दुपारी परत जाणार. त्यांना कसले पलंग नकोत, गालिचे नकोत, जरा उघड्यावर झोपायला मिळालं की पुरे, असा त्याचा हिशेब. पण मी त्या कागदाकडे बघत होते आणि मला त्यात एकच माणूस दिसत होतं. आमची आई. तिला त्या टेकडीवर एक रात्र राहायचं होतं, आणि भावाच्या आराखड्यात ती एक दुपारसुद्धा टिकली नसती.

ही टेकडी आमच्या जासई गावाच्या मागे आहे. खालची भातशेती कधीच गेली, तिथे आता कंटेनरच्या चळती उभ्या आहेत. वरचा तुकडा खडकाळ होता, कुणालाच नको होता, म्हणून आमच्याकडे राहिला. लग्न झाल्यावर आई आणि बाबा तिथे गवत कापायला जायचे. पेंढ्या बांधून होईपर्यंत उशीर झाला की तिथेच कातळावर झोपायचे. आईच्या बोलण्यात त्या रात्री हटकून येतात. घरात सासू, दीर, नणंदा. नवरा-बायकोने चार शब्द बोलायची जागा म्हणजे तो कातळ. बाबा गेल्यापासून ती करंजाड्याला माझ्या फ्लॅटमध्ये राहते, आणि भावाने कॅम्पचं खूळ काढल्यावर एवढंच म्हणाली होती, “होऊंदे तुमचं. मग मी पन एक रात झोपंन तिकरं.”

आई स्वतःसाठी काही मागत नाही. हे मागितलं. तेव्हापासून मला चैन नव्हतं.

अडचण अशी की आई बाहेर पडली की पाणी पीत नाही. लग्न असो, बारसं असो, देवदर्शन असो, निघायच्या आधीपासून पाणी बंद. कोणी ग्लास पुढे केला की हातात धरते, ओठ ओले केल्यासारखं करते आणि खाली ठेवते. विचारलं तर ठरलेलं उत्तर, “मना तहानच नाय.” गेल्या उन्हाळ्यात एका हळदीत ती मांडवातच घेरी येऊन पडली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन चांगलं सुनावलं. मूत्रपिंडं कुरकुर करायला लागली आहेत, पाणी प्यायलाच हवं, आणि असंच चालू ठेवलं तर पुढचं अवघड आहे म्हणाले. घरी येऊन मी तिच्यावर ओरडले. तिने ऐकून घेतलं आणि बाहेरगावी जाणंच सोडून दिलं. घरात ती भरपूर पाणी पिते. म्हणजे तिची धाव आता फ्लॅटच्या दारापासून जेमतेम भाजीबाजारापर्यंत. अशा बाईला टेकडीवर एक रात्र काढायची होती.

म्हणून मी तो कागद उलटा केला, भावाच्या हातातलं पेन घेतलं आणि कोऱ्या बाजूला आधी संडास काढला.

त्यानंतरचे माझे महिने फार घाईत गेले. मी पावणे एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. पाइप, पत्रे, टाक्या, नळ यांची मला सवय आहे. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून मी शेजारच्या गाळ्यांतून फिरायला लागले. कुणाकडे वापरलेली फायबरची टाकी आहे, कुणाकडे चांगला जाड पत्रा पडून आहे, हे विचारत. सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढून इतरांचे कॅम्प बघायला जायचे. आपण गिऱ्हाईक आहोत असं भासवायचं, तंबूंकडे ढुंकूनही बघायचं नाही, सरळ विचारायचं, “टॉयलेट कुठे आहे?” एका ठिकाणी नदीकाठी फार सुंदर तंबू होते, कंदील होते, गवतावर उशा टाकल्या होत्या. टॉयलेटमध्ये कडी नव्हती. आतून दाराला दोरी बांधलेली होती आणि ती हातात धरून बसायचं. मी मालकाला विचारलं, दोरी धरायची की तोल सांभाळायचा? तो हसला. मला हसू आलं नाही.

टेकडीवर जागा शोधणं सोपं नव्हतं. जिथे तंबू लावायला सपाटी, तिथे खाली नुसता कातळ. शोषखड्डा खणायला माती हवी, ती सापडली उताराच्या अंगाला. विहीर खालच्या बाजूला आहे, तिच्यापासून खड्डा लांब हवा. टाकी वर चढवून ठेवली तर पाणी आपोआप खाली येतं, पंप लागत नाही. पण वर चढवणार कशी, यावरून भाऊ आणि मी आठवडाभर फोनवर भांडलो. तो कंटेनर यार्डात कामाला आहे, रोज डोंगराएवढ्या पेट्या उचलल्या जाताना बघतो, पण एक टाकी म्हटली की त्याला घाम फुटतो. शेवटी चार मित्रांना मटणाचं आमिष दाखवून त्याने ती वर नेली. पावसाचं पाणी तंबूत शिरू नये म्हणून चर काढले, पावसाळ्यात कॅम्प बंदच ठेवायचा असं ठरलं. ओला कचरा एका खड्ड्यात आणि बाकीचा ज्याचा त्याने परत न्यायचा, असंही ठरलं. या सगळ्यात मी कुरकुरत होते, ओरडत होते, आणि खरं सांगायचं तर खूश होते. इतक्या वर्षांत भाऊ आणि मी मिळून केलेलं हे पहिलं काम.

संडास झाला. पत्र्याच्या भिंती, आत कमोड, कारण आईचे गुडघे. बाजूला धरायला पाइप ठोकला, पायाला घसरू नये म्हणून खडबडीत फरशी, कडी दणकट. भावाने तर कमालच केली. दारावर सौरदिवा बसवला, चांगला पांढराशुभ्र प्रकाश पडणारा. “आईला भीती नको वाटायला,” म्हणाला. शेकोटीपासून दारापर्यंत त्याने चुना मारलेल्या दगडांची दुतर्फा ओळ लावली, म्हणजे अंधारात कुणी चुकायला नको. मला त्याचं इतकं कौतुक वाटलं की मी त्या दिवशी एकदाही टोकलं नाही.

भाऊ आणि भावजय सकाळीच वर गेले होते, आईला मी रिक्षाने आणलं. शेवटचा चढ ती माझा हात धरून चढली. कातळावर पोचल्यावर थांबली, खाली बघितलं. शेताच्या जागी लाल-निळ्या पेट्यांच्या रांगा, त्यापलीकडे रस्ता, रस्त्यावर एकामागे एक ट्रेलर. तिने वाकून कातळाला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

“बघ, तुझ्यासाठी काय केलंय,” असं म्हणत भाऊ तिला संडासाकडे घेऊन गेला. दार उघडून दाखवलं, नळ सोडून दाखवला, कडी लावून काढून दाखवली. तिने सगळं बघितलं. “बेस हाय,” म्हणाली. मी तांब्या भरून आणला. तिने तो हातात घेतला, ओठांना लावला आणि खाली ठेवला.

“पी ना.”

“मना तहान नाय.”

दुपारी जेवणात पाणी नाही. चहा अर्धा. ऊन चढत होतं, तिचे ओठ सुकलेले दिसत होते आणि मी दर थोड्या वेळाने तांब्या घेऊन तिच्यापुढे उभी. उन्हं कलली. भावाने शेकोटी पेटवली, त्याचे दोन मित्र खुर्च्या टाकून बसले. आणि तेवढ्यात दारावरचा तो दिवा आपोआप लागला. संडास असा झगमगला की खालच्या यार्डातूनही दिसला असता. खुर्च्यांवर बसलेल्या सगळ्यांची तोंडं त्या दाराकडे. तिथून पांढऱ्या दगडांची वाट थेट शेकोटीपर्यंत.

आई उठली. म्हणाली, “मना घरी ने.”

“अगं पण रात्र राहायचं होतं ना?”

“नको. घरी ने.”

भाऊ हिरमुसला. मला तर राग आवरेना. एवढं केलं, आता आणखी काय हवंय हिला? मी भावजयीकडे वळून हात उडवले. ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, “ताई, मी पण सकाळपासून थांबलेय. एवढ्या माणसांसमोरून कोण जाणार त्या उजेडात?”

मी त्या दाराकडे पाहिलं. मलाही जायचं होतं. दुपारपासून जायचं होतं.

परतीच्या रिक्षात आई आणि मी दोघीच होतो. मी फुगून बसले होते. रस्ता ट्रेलरांनी भरला होता. समोरून एकाचे दिवे आले, रिक्षात लख्ख उजेड पडला, आणि आईने झटकन पदर पुढे ओढला. मग ती बोलायला लागली. कुणाच्या तरी घरची गोष्ट सांगावी तशी, साध्या आवाजात.

“आमी बायका कालोखान खारीच्या करंला, खाजनात जाव. झारी व्हती, आडोसा व्हता. मंग खाजनान भराव टाकला, रस्ता झाला. गारया चालू झाल्या. मंग आमी रस्त्याच्याच करंला बसाव. आनखी जाशील कुठं? दिवा परला का उबं रवाचं. दिवा गेला का परत बसाचं. एकामांगं एक गारया. उबं, बस, उबं, बस. कदी कदी तसंच घरी याचं. मंग पानीच कमी केला.”

ट्रेलर जात राहिले. पदर तिने सोडला नाही. तिचं लग्न होऊन घरात संडास बांधला जाईपर्यंत बरीच वर्षं गेली होती, मी तेव्हा शाळेत जात होते. म्हणजे त्या बायकांत ती होती आणि मी घरी झोपलेली असायचे. एवढी वर्षं मी तिच्यावर पाण्यावरून डाफरत आले आणि तिने मला हे कधी सांगितलं नव्हतं. मला रडू आलं. रिक्षावाल्यासमोर नको म्हणून मी तोंड बाहेर केलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात माझं कामात लक्ष नव्हतं. माल आला तो भलत्याच रॅकवर लावला. डोक्यात एकच चालू होतं. बायका जातात कशा? लग्नाच्या हॉलमध्ये आम्ही काय करतो? “साडीची पिन नीट करून येते” म्हणतो. “हात धुऊन येते” म्हणतो. कुणी सरळ उठून सगळ्यांदेखत तिकडे चालू लागत नाही. काहीतरी निमित्त लागतं, आणि ते निमित्त पुरवायला भावाच्या कागदावर जागाच नव्हती. माझ्याही नव्हती. कडी, पाइप, फरशी, सगळं मी आठवणीने केलं आणि दार मात्र पुरुषांच्या खुर्च्यांकडे तोंड करून लावलं.

संध्याकाळी भावाला फोन केला. “दार फिरवायचं.”

“काय?”

“दार मागच्या बाजूला, डोंगराकडे न्यायचं. तो दिवा काढ. आत एक बारका लाव, बाहेर उजेड नको. आणि ते दगड उचल.”

“ताई, वेडी झालीस का? मग गेस्टना टॉयलेट सापडणार कसं?”

“सापडेल. लागली की बरोबर सापडतं.”

तो चिडला. भिंती पुन्हा उकलायच्या, बिजागऱ्या काढायच्या, हे त्याचंच काम होतं. वर मी आणखी एक काढलं. संडासाच्या अलीकडे मोरी बांधायची. भांडी घासायला दगड, नळ, राख-साबण ठेवायला फळी, आणि भोवती कारवीच्या काठ्यांचा कूड. मोरीतूनच पुढे संडासाला वाट. म्हणजे उठून जाणारी बाई भांडी घासायला चालली आहे, की हातपाय धुवायला, की आणखी कशाला, हे शेकोटीवरून कुणाला कळायचं कारण नाही.

“कॅम्पमध्ये मोरी?” तो म्हणाला. “लोक हसतील.”

“हसू देत. तुझ्या फोटो पॉइंटला मी हसले का?”

“हसली होतीस.”

“बरं, हसले होते. तरी मोरी बांध.”

त्याने बांधली. कुरकुरत, पण बांधली. दिवा काढताना मात्र त्याने मला विचारलं, आईला नेमकं काय झालं होतं? मी त्याला रस्त्याची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ स्क्रू फिरवत राहिला. तो ज्या यार्डात नोकरी करतो त्याच्या दारातूनच ते ट्रेलर सुटतात. मग काढलेला दिवा त्याने पिशवीत घातला आणि पिशवी गाडीत नेऊन ठेवली.

आईला पुन्हा यायला तयार करणं हे त्या टाकीपेक्षा जड गेलं. “राहू दे गो, झाला तेवरा बस झाला,” असं म्हणून ती टाळत राहिली. शेवटी मी सांगितलं, राहू नकोस, नुसतं जेवून येऊ. तिने निघायच्या आधी नेहमीप्रमाणे पाणी बंद केलं. मी पाहिलं, बोलले नाही. जीभ चावून गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही, त्या दिवशी जमवलं.

वर पोचल्यावर मी तिला काही दाखवलं नाही. भावालाही दम दिला होता, एक शब्द काढायचा नाही. मी माझी पळापळ सुरू केली. तंबूच्या दोऱ्या ताण, चूल पेटव, टाकीचं झाकण बघ, पुन्हा चुलीपाशी ये. भावजयीने सगळ्यांना कोकम सरबत केलं. माझ्या हातात पेला दिला, मी “नंतर” म्हणून दगडावर ठेवला आणि तो तिथेच राहिला. आईनेही तिचा पेला खाली ठेवला. ती कातळावर पाय पसरून बसली होती आणि सगळीकडे बघत होती. कुठे बघते आहे ते मी बघत होते, आणि बघत नाही असं दाखवत होते.

दुपारी सुक्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या झाल्या. मुद्दाम तिखट केलं होतं, हा माझा लबाडपणा. आई जेवली, नाकातून पाणी आलं, ते पदराने टिपलं आणि तशीच बसली. तांब्या तिच्या उजव्या हाताला होता.

जेवणं झाल्यावर भावजय ताटं गोळा करून मोरीकडे गेली. आई तिच्या पाठीकडे बघत राहिली. भावजय कुडाआड दिसेनाशी झाली. भांडी वाजली, नळ वाजला, मग थोडा वेळ काहीच वाजलं नाही, मग पुन्हा नळ. ती हात पुसत परत आली. शेकोटीच्या दगडांशी भाऊ आणि त्याचा मित्र गप्पा मारत होते, त्यांनी वर मानसुद्धा केली नाही. आईने ते सगळं पाहिलं.

ती उठली. भाकरीची परात, पळी आणि कालवणाचं पातेलं तिने उचललं. मी पुढे धावणार तोच भावजयीने माझा हात धरला. आई पातेलं घेऊन हळूहळू गेली, कुडाला एकदा हाताने चाचपून बघितलं, आणि आत शिरली. मला बसवेना, उभं राहवेना. मी एका तंबूची खुंटी उगाचच दगडाने ठोकत बसले. आधीच पक्की होती ती.

आई आली तेव्हा पातेलं लख्ख होतं आणि पावलं ओली होती. कातळावर आपल्या जागी येऊन बसली. तिने तांब्या उचलला. ओठांना लावला नाही. आमच्याकडे जुनी माणसं पितात तसं, मान मागे टाकून वरून धार धरली. घोट घोट करत तिने अख्खा तांब्या रिकामा केला. मग तो माझ्याकडे पुढे केला.

“भर अजून. आज इकरंच झोपाचं हाय ना?”

मी तांब्या घेतला. घाईने पाठ वळवली. मोरीकडे दोन पावलं गेले असेन, तेवढ्यात मागून तिचा आवाज आला.

“आनि तू गो? सकालपासून तू पन नाय पिलीस.”

मी थांबले. दगडावर माझं सरबत तसंच होतं, त्यात मुंगी पडली होती. नळाखाली तांब्या भरला आणि तिथेच, मोरीत उभी राहून, मी आधी माझं पाणी प्यायले.